काळ्या पाण्यावर गेलेल्या बायांचा हिशेब कोण देणार?

काळे पाणी म्हटले की सेल्युलर जेल आठवतो आणि पाठ्यपुस्तकातले एकच नाव. तो जेल बांधून पूर्ण झाला १९०६ साली. अंदमानात कैदी मात्र १८५८ पासून धाडले जात होते, आणि त्यांत बायाही होत्या. त्यांच्या जयंत्या कोणी करीत नाही.

पुण्याच्या काशीबाईचेच पाहा. ही तरुण ब्राह्मण विधवा जोतीराव फुल्यांचे स्नेही गोवंडे यांच्याकडे स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्रीबुवाने तिला फसविले. दिवस गेले, औषधांनी गर्भ पडेना, शेवटी अब्रूच्या भयाने तिने जन्मलेले मूल मारून विहिरीत टाकले. १८६३ च्या या खटल्यात तिला आजन्म काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शास्त्रीबुवाच्या शिक्षेचा कोठे उल्लेख नाही! जोतीरावांनी ही हकिकत १८८४ साली सरकारला लिहून कळविली. त्याआधीच फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते आणि १८८४ पर्यंत तेथे ३५ विधवा येऊन गेल्या होत्या.

१८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मीला याच गुन्ह्यासाठी फाशी सुनावली गेली. पुढे तिचे काळे पाणी आणि नंतर पाच वर्षांची कैद झाली. तेव्हा वर्तमानपत्रांनी सगळ्या स्त्रीजातीवरच चिखल उडविला. त्याला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली.

गोऱ्या सरकारने आपल्या घरच्या गरीब बायांनाही सोडले नव्हते. १७८८ ते १८५३ या काळात सुमारे २५ हजार बंदिवान स्त्रिया ऑस्ट्रेलियात नेल्या, त्यांत हजारो आयर्लंडच्या. बहुतेकींचा गुन्हा कपडे किंवा किरकोळ वस्तू चोरण्याचा. परामट्टाच्या कैदी कारखान्यात पुरुष येऊन त्यांतून बायको निवडीत. पोर्ट ब्लेअरच्या स्त्री-तुरुंगातही तोच बाजार भरे. सरकारला वसाहत वसवायची होती, त्यासाठी बाया हव्या होत्या. न्याय वगैरे नंतरचे.

१९५५ च्या दुरुस्तीने काळे पाणी जाऊन जन्मठेप आली. २०२४ मध्ये दंडसंहिताच बदलली. इंग्लंडने १९२२ सालीच बाळंतपणाने मन ढळलेल्या आईसाठी वेगळा कायदा केला, आपल्याकडे तिच्यावर आजही सरळ खुनाचे कलम लागू शकते.

आमच्या तळोजा एमआयडीसीच्या आसपास परगावाहून आलेल्या एकट्या मुली राबतात. अशा एखादीवर ही वेळ आली, तर तिच्या वकिलाने पहिल्याच तारखेला एक अर्ज द्यावा: मुलाचा बाप कोण, याचा तपास करा, डीएनए चाचणी करा, आणि तिला फसवून वाऱ्यावर सोडणाऱ्याचा जबाब आरोपपत्रात आणा.