पंपावरचा गोडसर वास

परवा सकाळी नातीला शाळेत पोहोचविण्यास निघालो असता वाटेत पेट्रोल भरण्यासाठी थांबावे लागले. स्कूटरवरून उतरलेली ती चिमुरडी टाकीच्या तोंडाशी वाकून म्हणाली, "आजोबा, मला हा वास फार आवडतो!" लहानपणी मलाही तो आवडत असे, हे तिला सांगितले नाही. तिचा हात धरून चार पावले मागे मात्र नेले.

वाचकहो, आपण जिला रिकामी टाकी म्हणतो ती रिकामी नसते. तळाच्या उरल्यासुरल्या पेट्रोलची वाफ तिच्या पोकळीत भरून राहिलेली असते. पाच लिटर पेट्रोल आत शिरले की जवळजवळ तितक्याच आकारमानाची वाफमिश्रित हवा बाहेर ढकलली जाते. ही वाफ हवेहून जड. वर उडून न जाता ती जमिनीलगत, म्हणजे लेकरांच्या नाकाच्या उंचीवर, रेंगाळते. आमच्या माळव्यातील वैशाखाच्या दुपारी तर ती अधिकच जोमाने उठते.

तिच्यातच बेंझिन असते. बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो, याविषयी वैद्यकशास्त्रात आता दुमत नाही. म्हणून आपल्याकडील पेट्रोलमध्ये त्याचे प्रमाण 1 टक्क्याहून अधिक नसावे असा दंडक आहे, आणि 2009 च्या राष्ट्रीय मानकांनुसार हवेत ते वार्षिक सरासरीने घनमीटरला 5 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. शिवाय उन्हात हीच वाफ धुराड्यांतील नायट्रोजनच्या वायूंशी मिळून जमिनीलगत ओझोन तयार करते. छातीचे दुखणे असलेल्यांना तो विशेष बाधतो.

उपाय जुनाच आहे. टँकर रिता होताना भूमिगत टाकीतील वाफ दुसऱ्या नळीने पुन्हा टँकरमध्ये घ्यायची आणि गाडीत भरताना नळाच्या तोंडाशीच ती शोषून घ्यायची. कॅलिफोर्नियात हे 1970 च्या दशकापासून सुरू झाले. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही जानेवारी 2020 मध्ये मोठ्या विक्रीच्या पंपांसाठी अशी यंत्रणा सुचविली, तसेच नवे पंप शाळा, रुग्णालये व वस्ती यांपासून 50 मीटर दूर असावेत, असे म्हटले. नव्यांसाठी हे ठीक. पण भरवस्तीत पूर्वीच उभे असलेले पंप कोण हलविणार?

आपल्या हातातले थोडे आहे, आणि त्यातही आपण कसूर करतो. नळ खटकन बंद पडला तरी "अजून थोडे घाला, पाचशे पूर्ण करा" असे आपण सांगतो. (मीही वर्षानुवर्षे सांगत आलो.) टाकी गळ्यापर्यंत भरली की उन्हात तेल पसरते आणि बाहेर पाझरते.

नात मागे उभी राहिली, पण पंपावरचा तरुण कुठे जाणार? वय विसाच्या आसपास, तोंडावर रुमालही नाही. सायंकाळी डोके जड होते का, असे विचारताच तो हसला. "आदत हो गई, बाबूजी. फुल कर दूँ?"

मी नको म्हटले. तोवर मागच्या स्कूटरची टाकी उघडली होती आणि तो तिच्यावर वाकला होता.