बेलालचा धडा : इशारा वाऱ्याचा, संकट पाण्याचे

सोमवार, १५ जानेवारी २०२४ रोजी ‘बेलाल’ हे चक्रीवादळ रियुनियन बेटाच्या उत्तर भागाला धडकले आणि पुढे मॉरिशसच्या दक्षिणेकडून सरकत खुल्या महासागरात निघून गेले. त्याचे केंद्र आपल्या बेटावर आले नाही. तरीही त्या दिवशी राजधानी पोर्ट लुईने जे पाहिले, ते केंद्र डोक्यावरून गेलेल्या अनेक वादळांतही पाहिले नव्हते. रस्त्यांच्या नद्या झाल्या, मोटारी पाण्यावर तरंगत एकमेकींवर आदळल्या आणि त्यांत अडकलेल्या माणसांना टपांवर चढून मदतीची वाट पाहावी लागली. दोन्ही बेटांवर जीवितहानी झाली. सरकारने हवामान सेवेच्या कामाबद्दल उघड नाराजी व्यक्त केली आणि पाठोपाठ या सेवेच्या संचालकांना पद सोडावे लागले.

त्यानंतर सार्वजनिक चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली : इशारा वेळेवर का वाढवला गेला नाही? प्रश्न रास्त आहे, परंतु अपुरा आहे. इशारा काही तास आधी वाढवला असता तर कामावर जाणारी अनेक माणसे घरी राहिली असती आणि संकटाची तीव्रता कमी झाली असती, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र ज्या इशाऱ्याबद्दल आपण बोलत आहोत, तो मुळात कशाचा इशारा आहे, याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

मॉरिशसमधील चक्रीवादळाच्या इशाऱ्याचे चार वर्ग शाळकरी मुलांनाही पाठ असतात. ताशी १२० किलोमीटर वेगाचे झोत येण्याची शक्यता निर्माण झाली की, त्याच्या ३६ ते ४८ तास आधी पहिला वर्ग जाहीर होतो. असे झोत येण्यापूर्वी शक्यतो दिवसाउजेडाचे १२ तास मिळावेत या बेताने दुसरा, तर सहा तास मिळावेत या बेताने तिसरा वर्ग जाहीर केला जातो. प्रत्यक्षात १२० किलोमीटर वेगाचे झोत नोंदले गेले आणि ते चालू राहतील असे दिसले की चौथा. या संपूर्ण शिडीची प्रत्येक पायरी वाऱ्यावर बेतलेली आहे. किती पाऊस पडेल, तो कोणत्या उतारावर पडेल आणि त्याचे पाणी कोणत्या रस्त्याने समुद्राकडे जाईल, याचा त्या आकड्यात कोठेही हिशेब नाही. मुसळधार पावसाचा इशारा आपल्याकडे वेगळा दिला जातो. तथापि, वादळ जवळ येत असताना सारा देश कान देऊन ऐकतो तो वर्गाचा आकडा. दुसरा वर्ग म्हणजे अजून वेळ आहे, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. वाऱ्यापुरती ती योग्यही आहे.

या समजुतीला इतिहासाचा आधार आहे. २८ फेब्रुवारी १९६० रोजी आलेल्या कॅरोल चक्रीवादळात झोतांचा वेग ताशी २५६ किलोमीटरपर्यंत गेला, ४२ जणांचे प्राण गेले आणि गवताची व पत्र्याची हजारो घरे उद्‌ध्वस्त झाली. त्यानंतर या देशाने काँक्रीटचा मार्ग धरला. १९७५ च्या जर्वेज वादळात ताशी २८० किलोमीटरचा झोत नोंदला गेला. १९९४ चे हॉलंडा आणि २००२ चे दिना यांनीही वाऱ्याचीच आठवण मागे ठेवली. या अनुभवांतून मॉरिशस वाऱ्याशी लढायला शिकला आणि ती लढाई त्याने बऱ्याच अंशी जिंकलीही. सपाट छपराचे काँक्रीटचे घर, खिडक्यांच्या झडपा, मेणबत्त्या, साठवलेले पाणी आणि आकड्याकडे लागलेले कान ही त्या लढाईची शस्त्रे होत. परंतु जे काँक्रीट वाऱ्याला अडवते, तेच पाण्याला जमिनीत मुरू देत नाही. वाऱ्यापासून सुरक्षित झालेले शहर पाण्यापुढे अधिक उघडे पडले.

बेलालच्या बाबतीत दुसरी एक गोष्ट तितकीच महत्त्वाची होती. वादळ किती अंतरावरून गेले, याइतकेच ते कोणत्या बाजूने गेले, यालाही महत्त्व असते. दक्षिण गोलार्धात चक्रीवादळातील वारे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये फ्रेडी हे प्रचंड वादळ आपल्या उत्तरेकडून गेले. अशा वेळी बेटावर वारे प्रामुख्याने पूर्वेकडून येतात, म्हणजे जवळपास नेहमीच्या व्यापारी वाऱ्यांच्याच बाजूने. वायव्य किनाऱ्यावरील पोर्ट लुई तेव्हा डोंगरांच्या आडोशाला राहते. याच आडोशामुळे राजधानी एरवी क्युरपीपच्या तुलनेत कितीतरी कोरडी असते. बेलालचे केंद्र मात्र नैऋत्येला होते. त्यामुळे वारे उत्तरेकडून आणि वायव्येकडून, थेट समुद्रावरून शहरात घुसले आणि पाठीमागच्या ल पूसच्या डोंगररांगेवर आदळले. डोंगरावर चढणारी दमट हवा थंड होते आणि तिच्यातील बाष्प पावसाच्या रूपाने खाली येते. एरवी ज्या डोंगरांच्या आडोशाने शहर कोरडे राहते, त्यांनीच त्या दिवशी शहरावर पाऊस ओतला. फ्रेडीच्या वेळी मोठी हानी टळली, हा अनुभव जेमतेम अकरा महिन्यांपूर्वीचा होता. तो पुढच्या वादळाला लावता येण्यासारखा नव्हता.

दूरवरून जाणारे वादळ किती पाऊस पाडू शकते, याचे जगातील सर्वांत ठळक उदाहरण आपल्या शेजारीच आहे. फेब्रुवारी २००७ मध्ये गामेद या वादळाचे केंद्र रियुनियनला स्पर्श न करता निघून गेले. तरीही त्या बेटावरील कोमर्सन विवरापाशी ७२ तासांत ३,९०० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. तीन दिवसांच्या पावसाचा तो जागतिक विक्रम आहे. त्याच पुरात सेंत-एत्येन नदीवरील पूल कोसळला. तुलनेसाठी सांगायचे तर, २६ जुलै २००५ रोजी मुंबई ठप्प झाली तेव्हा सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. वाऱ्याच्या मोजपट्टीवर गामेद हे रियुनियनच्या बाजूने गेलेले वादळ ठरते. तीन दिवसांच्या पावसाच्या मोजपट्टीवर त्याच्यासारखे दुसरे नाही.

मॉरिशसलाही असा धडा पूर्वी मिळालेला आहे, आणि तो चक्रीवादळाविनाच. ३० मार्च २०१३ रोजी पोर्ट लुईमध्ये दोन तासांहून कमी वेळात सुमारे १५० मिलिमीटर पाऊस कोसळला. ल पूसच्या ओढ्याचे पाणी कोदां परिसरात शिरले आणि ११ जण मृत्युमुखी पडले. त्यांतील काही जण भुयारी पादचारी मार्गात अडकले होते. त्या आघातानंतर त्याच वर्षी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन केंद्र उभे राहिले, २०१६ मध्ये त्याला कायद्याचे अधिष्ठान मिळाले आणि २०१७ मध्ये जमिनीवरील पाण्याच्या निचऱ्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला. जपानच्या साहाय्याने त्रू ओ सेर्फ येथे आधुनिक रडारही बसवण्यात आले. म्हणजे संस्था आहेत, कायदे आहेत आणि साधनेही आहेत. प्रश्न असा की, या तिन्हींचे एकत्रित उत्तर सोमवारी सकाळी कामावर निघालेल्या नागरिकापर्यंत कोणत्या रूपात पोहोचले? ते पोहोचले एका आकड्याच्या रूपात, आणि तो आकडा वाऱ्याचा होता.

त्या सकाळी कार्यालये सुरू झाली होती. पावसाचा जोर वाढत गेला आणि कर्मचाऱ्यांना घरी सोडण्यात आले, तेव्हा हजारो लोक एकाच वेळी, एकाच शहरातून, मोजक्याच रस्त्यांनी बाहेर पडू लागले. नेमके तेच रस्ते पाण्याचेही मार्ग होते. आपल्यापैकी अनेकांची रोजची वाट याच रस्त्यांवरून जाते, म्हणून हा तपशील कोणाला समजावून सांगावा लागू नये. वाऱ्याच्या संकटात ‘वेळीच घरी जा’ हा सल्ला नेहमीच योग्य असतो. पुराच्या संकटात तोच सल्ला काही तासांनी उशिरा दिला, तर माणसाला सुरक्षित इमारतीतून उठवून वाहत्या पाण्यात नेऊन सोडतो. त्या क्षणी वरच्या मजल्यावर थांबणे अधिक शहाणपणाचे असते. ही दोन संकटे वेगळी आहेत, आणि त्यांच्यासाठीच्या सूचनाही वेगळ्या असायला हव्यात.

रियुनियनमध्ये त्याच दिवशी जांभळा इशारा लागू झाला होता. त्याचा अर्थ एकच आणि स्पष्ट असतो : कोणीही बाहेर पडायचे नाही, बचाव पथकांनीसुद्धा नाही. वाऱ्याचा वेग किती, हे नागरिकाला ठाऊक नसले तरी आपण काय करायचे, हे त्याला कळते. रियुनियन हा फ्रान्सचा प्रांत आहे, त्याची साधनसंपत्ती मोठी आहे. त्यामुळे तेथील व्यवस्था जशीच्या तशी उचलता येणार नाही. तिथेही बळी गेले, हे विसरता कामा नये. परंतु इशाऱ्याने निसर्गाचे मोजमाप सांगण्यापेक्षा माणसाने काय करावे ते सांगावे, हे तत्त्व घ्यायला पैसा लागत नाही.

ज्या कोकणातून आपले पूर्वज या बेटावर आले, त्या किनाऱ्यानेही हे अनुभवले आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ कोकणच्या किनाऱ्याला समांतर जात गुजरातला धडकले. महाराष्ट्राच्या भूमीवर त्याचे केंद्र आले नाही. तरीही कुलाब्यात ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला, सांताक्रूझला एका दिवसात २३० मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईजवळच्या समुद्रात तराफा बुडून अनेक कामगारांचे प्राण गेले. नकाशावर काढलेली वादळाच्या मार्गाची रेघ बारीक असते; वादळ मात्र शेकडो किलोमीटर रुंद असते. रेघ आपल्या गावावरून जात नाही, एवढ्यावर निश्चिंत होण्याची सवय दोन्ही किनाऱ्यांना महागात पडली आहे.

पुढे काय करावे, याची उत्तरे फार गूढ नाहीत. वादळाच्या प्रत्येक पत्रकात वाऱ्याच्या वर्गाइतक्याच ठळकपणे पावसाचा धोका सांगितला जावा, आणि तो संपूर्ण बेटासाठी एकच नसावा. पश्चिम किनारा, उत्तर आणि मध्य पठार यांचे धोके वादळाच्या बाजूनुसार बदलतात. शाळा व कार्यालये बंद ठेवण्याचा निर्णय दिवस उजाडण्यापूर्वी व्हावा, माणसे शहरात पोहोचल्यानंतर नव्हे. ओढ्यांच्या काठावरील बांधकामे, बुजवलेले नाले आणि सखल भागातील वाहनतळ यांचा हिशेब तर वादळ नसतानाच मांडावा लागेल. हवेचे तापमान एका अंशाने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. त्यामुळे तापत्या महासागरावरून येणारी वादळे यापुढे अधिक पाणी घेऊन येतील, असे धरूनच नियोजन करणे भाग आहे.

या सगळ्यात एक विसंगतीही आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय या बेटाचे वादळांशी असलेले नाते कळत नाही. मार ओ वाक्वाचा जलाशय ज्या वर्षी खाली जातो, त्या वर्षी वादळ थोडे जवळून जावे, फार जवळ येऊ नये, पण पाऊस देऊन जावे, अशी इच्छा घराघरांत बोलून दाखवली जाते. ती अवाजवी नाही. आपल्या पाणीपुरवठ्याचा मोठा भाग उन्हाळ्यातील याच पावसावर अवलंबून आहे. परंतु पठारावर जे पाणी वरदान ठरते, तेच राजधानीच्या उतारावर आपत्ती ठरू शकते. ते धरणात जाईल की रस्त्यावर, हे बरेचसे आपण ओढे आणि नाले कसे राखतो यावर ठरते.

एका अधिकाऱ्याने पद सोडल्याने लोकांचा संताप काही काळ शमेल. इशाऱ्याची शिडी मात्र तशीच उभी राहील, आणि तिच्या पायऱ्यांवर वारा सोडून दुसरे काही लिहिलेले नसेल. चक्रीवादळांचा मोसम १५ मेपर्यंत चालतो. पुढचे वादळ जवळून जाणार असल्याची बातमी येईल, तेव्हा वर्ग कोणता हे आपण विचारूच. त्याबरोबर ते कोणत्या बाजूने जाणार आणि पाणी कोठे साचणार, हेही विचारायला हवे. आणि या दोन प्रश्नांची उत्तरे पत्रकात नसतील, तर ती मागण्याचा अधिकार नागरिकांना आहे.