डीएनए चिपची परीक्षा मिठाच्या पाण्यात नको, खऱ्या नमुन्यात हवी!

‘काही मिनिटांत रोग ओळखणारी चिप तयार’ अशी बातमी अधूनमधून येते. मग ती चिप तालुक्याच्या दवाखान्यात का दिसत नाही? पैसा आणि परवानग्या ही कारणे आहेतच. पण चिपचा पृष्ठभाग हेही एक मोठे कारण आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही.

हा विषय महत्त्वाचा का?

तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील ३० ते ५९ वयोगटाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक महिलांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गटाला एकदाच एचपीव्ही विषाणूची डीएनए चाचणी देऊ केली, त्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू नेहमीच्या सेवेवर असलेल्या गटापेक्षा जवळपास निम्मे होते. म्हणजे डीएनए चाचणी जीव वाचवते, हे याच मातीत सिद्ध झाले आहे. प्रश्न उरतो तो ती प्रयोगशाळेबाहेर, स्वस्तात आणि खात्रीने करण्याचा.

चिप डीएनए कसा ओळखते?

डीएनएचे दोन धागे ठरलेल्या जोड्यांनीच जुळतात : ‘ए’शी ‘टी’ आणि ‘जी’शी ‘सी’. विषाणूच्या डीएनएला पूरक असा एकेरी, छोटा धागा चिपवर, बहुधा सोन्याच्या पातळ थरावर, बांधतात. नमुन्यातला विषाणूचा धागा त्याला येऊन जुळला की विद्युतप्रवाहात किंवा प्रकाशात बदल होतो. तो मोजला की निदान झाले.

मग अडते कुठे?

धागे विरळ बांधले तर संकेत क्षीण मिळतो. दाट बांधले तर गर्दी होते. शिवाय डीएनएवर ऋण विद्युतभार असल्याने आधीचे धागे नव्याला दूर लोटतात. त्याहून मोठी अडचण नमुन्याची. मिठाच्या स्वच्छ द्रावणात चिपला त्रास देणारे काही नसते. प्रत्यक्षात रक्तद्रवाच्या एका लिटरमध्ये ६० ते ८० ग्रॅम प्रथिने असतात. गर्भाशयमुखाच्या नमुन्यात चिकट स्राव आणि पेशी असतात. हे सारे उघड्या पृष्ठभागावर चिकटते. मग कधी खरा संकेत झाकला जातो, तर कधी खोटा उमटतो.

पॉलिमर ब्रश काय करतो?

भाताची रोपे दाट उगवली की आडवी पडायला जागाच नसते, ती सरळ उभी राहतात. पॉलिमरच्या साखळ्या एका टोकाने पृष्ठभागावर तशाच दाट रोवल्या की ब्रश तयार होतो. त्याची जाडी साधारणपणे काही दशके नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाच्या आसपास. योग्य पॉलिमर निवडले तर ब्रश पाणी धरून ठेवतो आणि प्रथिनांना खाली उतरू देत नाही. डीएनएचे धागे या साखळ्यांना जोडता येतात. त्यामुळे त्यांना सपाट पृष्ठभागापेक्षा जास्त जागा मिळते आणि थोडी मोकळीकही.

१९९५ मध्ये पुढे आलेल्या ‘एटीआरपी’ या रासायनिक पद्धतीमुळे अशा साखळ्या थेट पृष्ठभागावरून, लांबी ताब्यात ठेवून वाढवणे सोपे झाले. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात आशुतोष चिलकोटी यांच्या गटाने अशाच ब्रशवर प्रतिपिंडे छापून रक्ताच्या थेंबावर चालणारी चाचणी २०१७ मध्ये मांडली. तिथे डीएनए नव्हता. पण खऱ्या रक्तात ब्रश काम करतो, हे दिसले.

ब्रश म्हणजे रामबाण उपाय?

नाही. ब्रश फार दाट झाला तर तो हवा असलेला डीएनएही बाहेरच ठेवतो. काही विद्युत संवेदकांत पृष्ठभागापासून दूर जुळलेला धागा नीट ‘दिसत’ नाही. शिवाय पर्याय आहेतच. गोव्यातील मोलबायो कंपनीचे ‘ट्रूनॅट’ बॅटरीवर चालणारे यंत्र आधी जनुकीय अंशाच्या असंख्य प्रती बनवते आणि मग तो ओळखते. ही पद्धत पक्की आहे, पण तिला यंत्र आणि विकरे लागतात. प्रती न बनवता थेट ओळखायचे असेल, तर मात्र पृष्ठभागाची कसर चालत नाही.

मग आपण काय मागावे?

नव्या चिपची घोषणा करणाऱ्यांनी तीन गोष्टी सांगाव्यात. चाचणी स्वच्छ द्रावणात झाली की रुग्णांच्या नमुन्यात? उन्हाळ्यात फ्रीजशिवाय चिप किती दिवस टिकते? आणि शंभर चिपांनी एकाच नमुन्याचे एकच उत्तर दिले का? सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रकल्पांना तर ही उत्तरे दिल्याशिवाय पुढचा हप्ता मिळू नये. पृष्ठभागाच्या रसायनावर काम करणाऱ्यांनाही या प्रकल्पांत सुरुवातीपासून घ्यावे. संवेदक तयार झाल्यावर ‘आता यावर काहीतरी लेप द्या’ म्हणून त्यांना बोलावण्यात अर्थ नाही. खोट्या ‘निगेटिव्ह’ अहवालावर विसंबून घरी परतणाऱ्या बाईला चिप किती मिनिटांत चालली, याचा काहीच उपयोग नसतो.