संघटनेच्या घरातले प्रश्न

हिंदुस्थानातलं कापडावरचं आयात शुल्क उठवा, असा धोशा मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांनी लावला होता. इकडे कारखान्यांतल्या कामाचे तास ठरवणारा कायदा येणार, अशी कुणकुण होती. अशा वेळी, १८७५ साली, मुंबईच्या गिरणी मालकांनी आपली संघटना काढली. एकेकट्या मालकाचं म्हणणं लंडनच्या दरबारी कोण ऐकणार होतं? पुढे शंभर वर्षं ही संघटना शुल्क, कर आणि कायद्यांच्या लढाया नेटाने लढत राहिली. पण जुने माग कधी बदलायचे, नफ्यातला किती वाटा यंत्रांत घालायचा, हे ज्याचं त्याने ठरवायचं, अशीच रीत होती. १९८२ च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा कित्येक खात्यांतली यंत्रं आजोबांच्या वयाची होती. बाहेरच्या शत्रूशी खंबीरपणे लढलेल्या संघटनेने घरातल्या प्रश्नाला हात घातला नाही, आणि त्याची किंमत गिरणगावाने मोजली.

मरोळबद्दल लिहिताना हा इतिहास आठवायचं कारण आहे. संगणक आणि सॉफ्टवेअरच्या धंद्यातल्या संघटनांचा मुंबईतला प्रवास ज्या परिसरात घडला, त्यात मरोळ मोडतं, आणि तो प्रवास पाहिला की तीच खोड पुन्हा दिसते.

मरोळ हे मूळचं ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्तीचं गावठाण. १५७९ साली बांधलेल्या सेंट जॉन चर्चचे भग्न अवशेष आज सीप्झच्या आवारात उभे आहेत. १८४० च्या सुमारास साथीमुळे ती वस्ती उठून मरोळकडे सरकली. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि या भातशेतीच्या पट्ट्यात क्रॉस रोड, सेंट्रल रोड आखले गेले. १ मे १९७३ रोजी सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात क्षेत्र, म्हणजे आपलं सीप्झ, सुरू झालं. टाटांच्या समूहाने बरोज या संगणक कंपनीशी हातमिळवणी करून सत्तरच्या दशकातच तिथून सॉफ्टवेअर परदेशी पाठवायला सुरुवात केली. स्टँडर्ड डिझाइन फॅक्टरी (एसडीएफ) या नावाने बांधलेल्या साध्या बहुमजली इमारतींच्या एका मजल्यावर मुली सुट्या भागांची जुळणी करायच्या, तर दुसऱ्या मजल्यावर तरुण इंजिनिअर प्रोग्राम लिहायचे. मास्टेकचा पत्ता एसडीएफ चार असा होता. डेटामॅटिक्स त्याच इमारतीत आणि पुढे एमआयडीसीच्या सतरा नंबरच्या रस्त्यावर होती. पटनी कॉम्प्युटर्स एकवीस नंबरच्या क्रॉस रोडवर आली.

या कंपन्यांना संघटना नव्हती असं नाही. हार्डवेअर बनवणाऱ्यांची मेट ही संघटना १९८२ पासून होती आणि सॉफ्टवेअरवाले तिचेच सभासद होते. पण तिथे शब्द चालायचा तो यंत्रं बनवणाऱ्यांचा. परदेशी संगणकांवर चढं शुल्क असणं त्यांच्या सोयीचं होतं, तर प्रोग्राम लिहिणाऱ्याला तेच यंत्र स्वस्तात हवं होतं. सभा एक आणि गरजा उलट, अशी स्थिती होती. अखेर १९८८ च्या मार्चमध्ये ३८ कंपन्या बाहेर पडल्या आणि मुंबईत नॅसकॉम उभी राहिली. हरीश मेहता, मास्टेकचे अशांक देसाई, इन्फोसिसचे नंदन निलेकणी हे तिच्या उभारणीतले लोक. देशाच्या सॉफ्टवेअर धंद्याच्या उलाढालीतला सुमारे ६५ टक्के हिस्सा या अडतीस जणांकडे होता, यावरून तो धंदा तेव्हा केवढा लहान होता ते कळतं.

पुढच्या दहा वर्षांतलं नॅसकॉमचं काम मला आजही थोर वाटतं. पहिली गोष्ट म्हणजे तिने मोजायला सुरुवात केली. या धंद्यात कंपन्या किती, माणसं किती, निर्यात किती, याचा धड आकडा कुणाकडे नव्हता. आकडाच नसेल तर मंत्रालयात फाईल हलत नाही आणि बँकेचा मॅनेजर गहाण ठेवायला जमीन किंवा यंत्र मागत बसतो. १९९१ साली सॉफ्टवेअर निर्यातीच्या नफ्याला आयकरात ८०एचएचई कलमाखाली सवलत मिळाली. त्याच वर्षी देवांग मेहता नॅसकॉममध्ये आले आणि चोरट्या प्रतींविरुद्ध मोहीम उभी राहिली; कॉपीराइट कायद्यातली दुरुस्ती मे १९९५ मध्ये अमलात आली. सॉफ्टवेअरवरचं आयात शुल्क एके काळी शंभर टक्क्यांच्या वर होतं, ते दशकभरात उतरत उतरत शून्यावर आलं.

संघटनेचं खरं बळ मात्र एका कंटाळवाण्या वाटणाऱ्या प्रश्नात दिसतं: सॉफ्टवेअर ही वस्तू की सेवा? कस्टम्सच्या टेबलावर टेप किंवा फ्लॉपी आली की तिची किंमत कशी धरायची, कोऱ्या फ्लॉपीची की तिच्यावरच्या मजकुराची, इथून हे सुरू झालं. टाटा कन्सल्टन्सी विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००४ मध्ये निकाल दिला की तयार, पाकीटबंद सॉफ्टवेअर ही वस्तूच, त्यावर विक्रीकर लागणार. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात व्हॅट आला. मे २००८ मध्ये केंद्राने त्याच धंद्यावर सेवाकर बसवला. मग एकाच बिलावर दोन खाती हात पुढे करू लागली. राज्याचा अधिकारी म्हणे ही वस्तू, केंद्राचा म्हणे ही सेवा, आणि नोटीस दोघांची. टाटांना वकील परवडतो. दहा माणसांच्या कंपनीने काय करायचं? दोन्ही कर भरायचे आणि गिऱ्हाईक गमवायचं, नाहीतर एक भरून दुसऱ्याच्या नोटिशीची वाट पाहत बसायचं. संघटना अर्थसंकल्पामागून अर्थसंकल्प तेच निवेदन देत राहिली. २०१७ साली जीएसटीत सॉफ्टवेअर तयार करून देणं ही सेवा असं लिहिलं गेलं, तेव्हा कुठे गुंता बराचसा सुटला. एवढा काळ एखादी लहान कंपनी जगतेच असं नाही. जगली तरी एका मुद्द्याचा पाठपुरावा करायला तिला फुरसत नसते. पदाधिकारी बदलले, मंत्री बदलले तरी फाईल पुढच्याच्या हाती सुखरूप देणं, हे काम फक्त संघटनेला जमतं. वर्गणी देणाऱ्या सभासदाने या चिकाटीची कदर ठेवली पाहिजे.

मार्च २०२० मध्येही तेच दिसलं. दूरसंचार खात्याच्या नियमांमुळे कॉल सेंटरसारख्या सेवांतल्या कर्मचाऱ्यांना घरून काम करणं जवळजवळ अशक्य होतं, आणि सेझमधला, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रातला, संगणक परवानगीवाचून फाटकाबाहेर नेता येत नव्हता. टाळेबंदीच्या तोंडावर नॅसकॉमने सरकारकडे तातडीने पाठपुरावा केला, ढील मिळाली आणि नोव्हेंबरमध्ये दूरसंचारचे ते नियम मोठ्या प्रमाणात सैल झाले.

मग खोड कुठे दिसते? नॅसकॉमची सभासदसंख्या आज तीन हजारांच्या पुढे आहे. ज्या कारणाने ती मेटमधून फुटली, त्याच कारणाने फेब्रुवारी २०१३ मध्ये तिच्यातून स्वतःचं उत्पादन बनवणाऱ्या छोट्या कंपन्यांचा एक गट बाहेर पडला आणि आयस्पिरिट स्थापन झाली. मोठ्या सेवा कंपन्यांच्या गरजा एक, उत्पादनवाल्यांच्या वेगळ्या. पुन्हा घरातला प्रश्न वेगळी चूल मांडूनच सुटला.

आज तसाच प्रश्न मरोळमध्ये गल्लोगल्ली आहे. आयटी पार्कना जादा एफएसआय मिळाला आणि जुन्या कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. बऱ्याच मोठ्या कंपन्या ऐरोली, महापे, हिंजवडीकडे पसरल्या. मागे उरले त्यांत औद्योगिक वसाहतींच्या गाळ्यांतले लहान उद्योग पुष्कळ आहेत. कुणी सर्किट बोर्ड जुळवतो, कुणी सीएनसीवर भाग काढतो, कुणी मोठ्या कंपनीसाठी सॉफ्टवेअरची चाचणी करून देतो. त्यांना सगळ्यांत जास्त सतावतो तो वेळेवर न येणारा पैसा.

एक साधं बिल घ्या. काम दहा लाखांचं, त्यावर १८ टक्के जीएसटी एक लाख ऐंशी हजार. गिऱ्हाईक कंपनी नव्वद दिवसांनी पैसे देते. गाळेवाल्याला मात्र कर पुढच्याच महिन्यात भरावा लागतो, पैसे आले असोत की नसोत. पगार एक तारखेला, गाळ्याचं भाडं पाच तारखेला. म्हणजे आठ माणसांचा उद्योग आठ हजार माणसांच्या कंपनीला बिनव्याजी उधार देतो, आणि त्यासाठी स्वतः बँकेकडून व्याजाने उचलतो.

कायदा त्याच्या बाजूने आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं झालं पाहिजे. नाही झालं तर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट दराने व्याज, तेही चक्रवाढ. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकराच्या ४३बी(एच) कलमाने असंही झालं की मुदतीत न दिलेल्या बिलाचा खर्च पैसे हातात पडेपर्यंत धरता येत नाही. पण तक्रार करायची कुणी? अशा तक्रारींसाठी असलेल्या सुविधा परिषदेकडे अर्ज केला त्या दिवशी ते गिऱ्हाईक तुटलं, हे गाळेवाल्याला पक्कं ठाऊक असतं. नवं कलम येताच, आता नोंदणीकृत लहान पुरवठादारच टाळले जातील, अशी भीतीही बोलून दाखवली गेली.

इथे संघटना हवी. एकट्याचं नाव पुढे न येता सगळ्यांचं म्हणणं मांडणं यासाठीच तर ती असते. पण पैसे थकवणारा आणि पैसे थकलेला दोघेही तिच्या सभेत बसलेले असतात, आणि मोठी वर्गणी थकवणाऱ्याची असते. कस्टम्सविरुद्ध निवेदन देताना सगळ्यांच्या सह्या होतात. आपल्याच उपाध्यक्षाच्या कंपनीविरुद्ध कोण सही करणार? ही अडचण मी क्षुल्लक मानत नाही. तरीही माझं स्पष्ट मत आहे की जी संघटना हा प्रश्न विषयपत्रिकेवर घेत नाही, तिने लहान सभासदाची वर्गणी घेऊ नये.

मोठे आणि छोटे एका छताखाली नांदू शकतात याचा दाखला सीप्झमध्येच आहे. तिथे जवाहिऱ्यांच्या निर्यात परिषदेच्या पुढाकाराने उभं राहिलेलं ‘भारत रत्नम्’ हे सामायिक सुविधा केंद्र जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं. धातूची त्रिमितीय छपाई करणारी यंत्रं एकेका छोट्या कारखानदाराला झेपणारी नाहीत. इथे ती सगळ्यांसाठी आहेत, आणि दिव्यांग विद्यार्थ्यांसह नव्या कारागिरांसाठी प्रशिक्षणाची शाळाही. सरकारचा पैसा मिळाला म्हणून ते झालं, हे खरं. बिलं वेळेवर चुकती करायला तर सरकारचा पैसाही लागत नाही.

करण्यासारखं साधं आहे. प्रत्येक सभासदाने पुरवठादारांची बिलं सरासरी किती दिवसांत चुकती केली, हा आकडा संघटनेने दरवर्षी गोळा करावा आणि अहवालात छापावा. पहिली दोन वर्षं नावाशिवाय छापा हवं तर. तिसऱ्या वर्षी नावासकट. ४५ दिवसांच्या पुढे जाणाऱ्याला कार्यकारिणीची निवडणूक लढवता येऊ नये, अशी दुरुस्ती घटनेत करावी. १९८८ साली धंद्याचे आकडे गोळा करायला कुणी सक्ती केली नव्हती. नॅसकॉमने ते आपण होऊन गोळा केले आणि त्यावर पुढचं सगळं उभं राहिलं. महाकाली केव्हज रोडवर एमआयडीसीचं मुख्यालय, ‘उद्योग सारथी’, मरोळमध्येच आहे. या मागणीचं पहिलं निवेदन तिथे द्यावं आणि त्यावर मोठ्या कंपन्यांच्या सह्या आधी घ्याव्यात, गाळेवाल्यांच्या नंतर.