बापाला शर्ट द्या, पण आधी त्याचं नेमणूकपत्र वाचा

जून महिना आला की आपल्या पोरापोरींच्या हातात दोन गोष्टी एकदमच येतात. एक, पहिल्या नोकरीचं ऑफर लेटर. दुसरी, मोबाईलवर धडाधड येणाऱ्या फादर्स डेच्या जाहिराती. ऑफर लेटर पंधरा-वीस पानांचं, इंग्रजीत. ते न वाचताच आपण शेवटच्या पानावर सही ठोकतो. बापासाठी शर्ट घ्यायचा की घड्याळ, यावर मात्र चार दिवस डोकं लावतो. माझं म्हणणं एवढंच आहे की हा हिशेब उलटा आहे. शर्टाला चार मिनिटं पुरतात. चार दिवस द्यायचे असतील तर ते कराराला द्या. आणि फक्त स्वतःच्याच नाही, बापाच्याही.

काहीजण लगेच म्हणतील, फादर्स डे हे बाजाराचं खूळ आहे, त्यावर आंबेडकरी माणसाने कशाला लिहायचं? बाजाराचं खूळ आहे हे खरंच. पण जो बाप आयुष्यभर दुसऱ्याची गटारं उपसत, दुसऱ्याच्या इमारतीचं फाटक राखत जगला, त्याला वर्षातून एक दिवस पोराने जवळ बसवून काही दिलं, तर त्यात वाईट काही नाही. प्रश्न काय द्यायचं, हा आहे.

आपल्या समाजाला कराराचा इतिहास नाही, वतनाचा आहे. महारकी म्हणजे काय होतं? बापाकडून पोराकडे आलेली नोकरी. तिला कामाचे तास नव्हते, कामांची यादी नव्हती, ठरलेला पगार नव्हता. थोडी इनाम जमीन आणि गावाने मर्जीप्रमाणे टाकलेलं बलुतं. रात्री-अपरात्री बोलावणं आलं की जायचं. वतनदार घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्या माणसाला राबवायचं. नोकरी एकाची आणि बांधलेलं अख्खं घर! १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं, ते याच गुलामीच्या मुळावर घाव घालायला. शेवटी १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतनं रद्द झाली. म्हणजे आपल्या आज्याच्या आयुष्यात आपल्याला पहिल्यांदा ‘माझं काम काय, तास किती, दाम किती’ असं विचारायचा हक्क मिळाला. तो हक्क ज्या कागदावर उतरतो, त्या कागदालाच करार म्हणतात. तो न वाचता सही करणं म्हणजे आज्याने तोडलेली वेठ नातवाने पुन्हा गळ्यात घालून घेणं होय.

बाबासाहेबांच्या स्वतःच्या आयुष्यातही एक करार आहे. फेब्रुवारी १९१३ मध्ये सुभेदार रामजी आंबेडकर गेले. त्याच वर्षी जूनमध्ये बाबासाहेबांनी बडोदा संस्थानाशी करार केला. तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड शिष्यवृत्ती, आणि शिकून आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी. १९१७ साली ते नोकरीवर हजर झाले. पुढे काय झालं ते आपण सगळे जाणतो. कचेरीतले शिपाई लांबूनच फायली फेकत. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावं लागलं, आणि तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने हुसकलं. दहा वर्षं नोकरीची अट कागदावर होती. परदेशात शिकून आलेल्या त्या माणसाला डोक्यावर छप्पर आणि कचेरीत माणुसकी मिळेल याची हमी मात्र प्रत्यक्षात कुणीच घेतली नाही. नोकरीत मजूर आणि मालक कागदावर समान दिसतात, जमिनीवर नसतात, हे बाबासाहेब पुस्तकात वाचून शिकले नव्हते.

म्हणूनच १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ मध्ये त्यांनी मूलभूत हक्कांवाल्यांना अडचणीचा प्रश्न टाकला. बेकार माणसासमोर अशी नोकरी ठेवा, जिला ठरलेले तास नाहीत, जिथे युनियनमध्ये जायला बंदी आहे, बोलायला बंदी आहे. तो काय निवडेल? पोट असलेला माणूस नोकरीच निवडेल आणि हक्क सोडून देईल. हा त्याचा गुन्हा नाही. खासगी मालकाच्या हाती त्याला असं मोकाट सोडून देणाऱ्या अर्थव्यवस्थेचा हा गुन्हा आहे. आज कुणी तुम्हाला म्हणालं की ‘सही तूच केलीस ना, मग आता तक्रार कसली’, तर हे उत्तर लक्षात ठेवा. सर्वोच्च न्यायालयानेही १९८६ साली ब्रोजोनाथ गांगुली खटल्यात हेच मान्य केलं. तिथे कायम नोकराला कारण न देता, फक्त नोटीस देऊन काढायचं कलम होतं. दोन्ही बाजूंची ताकद समान नसताना लादलेली अन्यायी अट टिकणार नाही, असं सांगून न्यायालयाने ते कलम रद्द ठरवलं. तो मालक सरकारी कंपनी होता, त्यामुळे खासगी नोकरीत हा निकाल जसाच्या तसा लागू होईल असं समजू नका. पण ‘सही केली म्हणजे संपलं’ हे खोटं आहे, एवढं त्यातून पक्कं होतं.

आता कामाचं बोलू. नव्या नोकरीचा करार हातात आला की काय पाहायचं?

पगार. सीटीसीचा आकडा म्हणजे पगार नव्हे. त्यात मालकाचा पीएफचा हिस्सा आणि ग्रॅच्युइटी धरलेली असते, मिळेल न मिळेल असा बोनसही धरलेला असतो. हातात किती येणार, ते लेखी विचारा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांच्यानुसार भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनातच धरायचा. मूळ पगार मुद्दाम लहान ठेवून पीएफ आणि ग्रॅच्युइटी मारायची जुनी युक्ती त्यामुळे अवघड झाली आहे. आपल्या पत्रातली विभागणी तपासा.

नोटीस. तुम्ही सोडलं तर नव्वद दिवस, त्यांनी काढलं तर पंधरा दिवस, असं असेल तर तो करार नाही, तो हुकूम आहे. दोन्हीकडे सारखी मुदत मागा.

बाँड. ‘दोन वर्षांच्या आत सोडलं तर इतके लाख भरा’ हे कलम आपल्या पोरांच्या बोकांडी सर्रास बसतं. असे बाँड सगळेच बेकायदा असतात, असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये विजया बँकेच्या खटल्यात तीन वर्षं आणि दोन लाखांचा बाँड वैध ठरवला आहे. मात्र करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाईच मागता येते, मनाला येईल ती रक्कम नाही. म्हणून सही करण्यापूर्वी विचारा, माझ्यावर नेमकं कोणतं प्रशिक्षण देणार आणि त्याचा खर्च किती?

नोकरी सोडल्यावरची बंदी. ‘सोडल्यावर दोन वर्षं दुसऱ्या अशाच कंपनीत जायचं नाही’ असं लिहिलेलं असतं. करार कायदा १८७२ चा आहे आणि त्याच्या कलम २७ प्रमाणे अशी अट सर्वसाधारणपणे निरर्थक ठरते. कंपनीची गुपितं फोडू नका हे वेगळं, आणि पोट भरू नका हे वेगळं.

मूळ कागदपत्रं. गुणपत्रिका, पदवी, जातीचा दाखला ठेवून घेणाऱ्याला स्पष्ट नाही म्हणा. मूळ कागद पडताळणीला दाखवायचे, छायाप्रत द्यायची. सावकाराकडे भांडी गहाण पडायची, तशी डिग्री गहाण टाकायची नाही.

बोलण्यावरची बंदी. समाजमाध्यमांवर काय लिहायचं, कोणत्या संघटनेत जायचं, यावर कलम आहे का ते कार्यकर्त्याने पहिल्यांदा वाचावं. कंपनीच्या नावाने बोलू नका ही अट रास्त आहे. आपल्या नावाने अत्याचाराविरुद्ध बोलू नका, ही नाही. जाता जाता सुट्ट्यांची यादीही बघा. १४ एप्रिल तिथे आहे का? नसेल तर पहिल्याच दिवशी नम्रपणे विचारा. विचारल्याने नोकरी जात नाही, आणि न विचारल्याने यादी बदलत नाही.

हे झालं पोरांचं. आता बापाकडे या.

आपल्यातले कितीतरी बाप महानगरपालिकेचा कचरा उचलतात, रुग्णालयात झाडू मारतात, सोसायटीच्या फाटकावर बारा-बारा तास उभे राहतात. मालक कोण, विचारलं तर म्हणतात, ‘ठेकेदार’. ठेकेदार दर दोन-तीन वर्षांनी बदलतो. झाडू तोच, रस्ता तोच, मुकादम तोच, फक्त कागदावरचं नाव बदलतं आणि बापाची नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. यात काय बुडतं ते आकड्यात बघा. ग्रॅच्युइटी म्हणजे शेवटच्या पगाराला २६ ने भागून १५ ने गुणायचं आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचं. पगार १५ हजार आणि सेवा दहा वर्षं धरली तर सुमारे साडेशहाऐंशी हजार रुपये होतात. नावं बदलून सेवा तोडली की ‘पाच वर्षं भरलीच नाहीत’ म्हणून हातावर शून्य. तुमच्या भेटीचा शर्ट किती रुपयांचा होता?

आणि हे नुसतं ठेकेदाराचं पाप नाही, कायद्यातच त्याला वाट आहे. नव्या संहितेत आस्थापनेच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार ठेवायला मनाई आहे. पण मुख्य काम कोणतं नाही, याची यादीही तिथेच आहे. त्यात साफसफाई आणि कचरा उचलणं आहे, पहारा आहे, कॅन्टीन आहे, धुलाई आहे. वाचून बघा ही यादी आणि आपल्या वस्तीतली घरं मोजा. ज्या कामांवर जातीने आपल्याला बसवलं, नेमकी तीच कामं ‘दुय्यम’ म्हणून वगळली आहेत. कायदा लिहिणाऱ्याने जातीचा शब्दही उच्चारला नाही आणि जात बरोबर जिथे होती तिथेच राहिली. १९३८ साली मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. दोघे एकाच कलमात कसे नांदतात ते इथे दिसतं. मात्र त्या यादीला एक शेपूट आहे. आस्थापना त्याच कामासाठी उभी असेल तर ही सूट लागू नाही. मग शहर स्वच्छ ठेवणं हे महानगरपालिकेचं मुख्य काम नाही, तर कोणतं आहे? हा मुद्दा आपल्या वकिलांनी आणि संघटनांनी लावून धरला पाहिजे.

लढून मिळतं, याचा दाखला मुंबईतच आहे. कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षं न्यायालयात झुंज दिली आणि २०१७ साली मुंबई महानगरपालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याच्या आदेशावर सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं. असल्या खटल्यात शेवटी लागतो पुरावा. हजेरी कार्ड, ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी, बँकेतली नोंद. जे आपल्याकडे पत्र्याच्या पेटीत, गादीखाली, देव्हाऱ्याच्या जागी आलेल्या बाबासाहेबांच्या फोटोमागे खोचलेलं असतं.

तर यंदाची भेट ही. एक रविवार बापासोबत बसा. नेमणूकपत्र आहे का बघा. नव्या संहितेप्रमाणे ते प्रत्येक कामगाराला द्यावंच लागतं. नसेल तर लेखी मागणी करा आणि पोच घ्या. उमंग ॲपवर पीएफचं पासबुक उघडा, दर महिन्याला पैसे भरले जातात का ते बघा. आधारवर ‘दगडू’ आणि पीएफमध्ये ‘दगडूजी’ असं असेल तर आजच दुरुस्तीला टाका, निवृत्तीच्या दिवशी ते नाव गळफास होतं. पगार २१ हजारांपर्यंत असेल आणि आस्थापना ईएसआयच्या कक्षेत असेल तर ईएसआयचं कार्ड काढलंय का ते बघा. ठेकेदाराने पगार थकवला तर मुख्य मालकाने तो द्यायचा असतो, हे बापाला समजावून सांगा. आणि हो, आईलाही विचारा. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आईकडे बहुतेक वेळा वाचायला कागदच नसतो, हे त्या दिवशी ध्यानात येईल.

‘कागद वाचून मालक सुधारतो का?’ असा प्रश्न येईल. नाही सुधारत. एकट्याने वाचलेला कागद फार तर एकट्याला वाचवतो. ७ नोव्हेंबर १९३८ ला संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्षाने इतरांच्या साथीने मुंबईत संप घडवला, तो आधी विधेयकाचं कलम न् कलम वाचून आणि मग लोकांना जमवून. दोन्ही लागतं. म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक विहारात, प्रत्येक अभ्यासिकेत महिन्यातला एक रविवार करार वाचनाचा ठेवा. कायदा शिकणारी पोरं आपल्याकडे आता कमी नाहीत. एक टेबल, दोन खुर्च्या, एक वही. कोणता ठेकेदार कोणतं कलम घालतो, कुठे पीएफ भरत नाही, हे त्या वहीत उतरू द्या. वर्षभरात ती वही कुठल्याही निवेदनापेक्षा जड होईल.

सुभेदार रामजींनी हाती पैसा नसताना लेकींकडून उसनं घेऊन, त्यांचे दागिने गहाण टाकून भीमाला पुस्तकं आणून दिली. बापाने पोराला वाचायला दिलं. ते वाचन आता बापाच्या कामी आलं पाहिजे, एवढंच हे मागणं आहे. शर्ट जरूर घ्या. त्याच्या खिशात नेमणूकपत्राची एक प्रत घडी घालून ठेवा.

जय भीम!