पांढऱ्या कपाळांचे शेतकरी

प्रादेशिकता हा शब्द मराठी वाचकाच्या परिचयाचा झाला तो प्रादेशिक कादंबरीमुळे; अमेरिकेत १९३०च्या दशकात तो चित्रकारांच्या एका प्रवाहाला लावला गेला. पॅरिसच्या अनुकरणाकडे पाठ फिरवून आपल्याच मुलखातील शेते, घरे आणि माणसे रंगवायची, हा त्या प्रवाहाचा आग्रह होता, आणि मिसुरीचा थॉमस हार्ट बेंटन, कॅन्ससचा जॉन स्टुअर्ट करी व आयोवाचा ग्रँट वूड हे त्याचे तीन प्रमुख चित्रकार होते. त्यांपैकी वूडला मिळालेली कीर्ती मोठी असली तरी ती जवळजवळ एकाच चित्रावर उभी आहे, आणि त्यामुळे त्याच्या उरलेल्या कामावर अन्याय झाला आहे.

ते चित्र म्हणजे ‘अमेरिकन गॉथिक’ (१९३०). आयोवातील एल्डन या गावी एका लहानशा लाकडी घराला चर्चमध्ये शोभेल अशी टोकदार कमानीची खिडकी होती. या गॉथिक घाटावरूनच चित्राला नाव मिळाले. घरापुढे दाताळे घेऊन उभा असलेला शेतकरी आणि त्याची मुलगी यांच्यासाठी वूडने आपला दंतवैद्य आणि बहीण नॅन यांना समोर बसवले, पण दोघांना वेगवेगळे; त्या घरासमोर ती दोघे एकत्र कधीच उभी राहिली नव्हती. दाताळ्याचे तीन दाते शेतकऱ्याच्या डांगरीवरील शिवणीत पुन्हा उमटलेले दिसतात. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने चित्राला कांस्यपदक आणि ३०० डॉलर दिले, तेव्हापासून त्याच्या नकला आणि विडंबने थांबलेली नाहीत.

वूडला गावाकडचा भाबडा चित्रकार समजणे ही मोठी चूक आहे. १८९१ साली अ‍ॅनामोसाजवळच्या शेतावर जन्मलेला हा मुलगा दहा वर्षांचा असताना वडील वारले आणि कुटुंब सीडर रॅपिड्स शहरात आले. पुढे तो पॅरिसमध्ये शिकला आणि कित्येक वर्षे दृक्प्रत्ययवादी पद्धतीने, म्हणजे प्रकाशाचा क्षणिक भास सुट्या फटकाऱ्यांतून पकडत, रंगवत राहिला. १९२८ साली एका स्मारकाच्या रंगीत काचेच्या खिडकीचे काम करून घेण्यासाठी तो म्युनिकला गेला, आणि तेथे हान्स मेमलिंगसारख्या पंधराव्या शतकातील चित्रकारांच्या रेखीव कडा आणि पातळ, पारदर्शक रंगाचे एकावर एक चढवलेले थर त्याला निकटून पाहता आले. त्याची ‘आयोवाची’ शैली म्हणून जी ओळखली जाते, तिची घडण अशी युरोपातील जुन्या धर्मचित्रांपाशी झाली आहे.

हे सर्वांत स्पष्ट दिसते ते ‘डिनर फॉर थ्रेशर्स’ (१९३४) या मळणीच्या जेवणाच्या चित्रात, आणि वूडचे खरे मोठेपण ‘अमेरिकन गॉथिक’पेक्षा येथे आहे. मळणीयंत्र एका शेतावरून दुसऱ्या शेतावर फिरे आणि शेजारी एकमेकांच्या मळणीला सावडीने जात. ज्याच्या घरी मळणी, त्या घरच्या बायकांनी सगळ्या गड्यांना दुपारचे जेवण घालायचे, अशी रीत होती. उंचीच्या चौपट रुंद असलेल्या या चित्रात वूडने घराची भिंतच काढून टाकली आहे आणि चर्चमधील तीन फळ्यांच्या वेदीचित्राप्रमाणे अंगण, जेवणघर व स्वयंपाकघर शेजारी शेजारी मांडले आहेत. डावीकडे हात-तोंड धुऊन केस विंचरणारे गडी, मधे लांब टेबलाभोवती दाटीने बसलेली पंगत, उजवीकडे चुलीपाशी बायका. जेवणाऱ्यांचे चेहरे उन्हाने रापून तांबूस झाले आहेत आणि कपाळे मात्र पांढरी आहेत, कारण दिवसभर डोक्यावर असलेली टोपी त्यांनी जेवणापुरती काढून ठेवली आहे. शेतात राबणाऱ्यांमध्ये लहानपण गेलेल्यालाच ही पांढरी पट्टी आठवेल.

या सुखी चित्रांवरचा आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळता येणार नाही. १९३२ आणि १९३३च्या उन्हाळ्यात वूड स्टोन सिटी येथे चित्रकारांची वसाहत चालवत होता, त्याच काळात आयोवात मक्याचे भाव इतके कोसळले होते की लोक मका सरपण म्हणून जाळत होते. संपावरचे शेतकरी रस्त्यावर दूध ओतत होते, आणि एप्रिल १९३३ मध्ये ले मार्स येथे शेतांच्या जप्त्या थांबवण्यास नकार देणाऱ्या न्यायाधीशाला जमावाने कोर्टाबाहेर ओढून त्याच्या गळ्यात दोर अडकवला होता. यांपैकी काहीही वूडच्या गुबगुबीत टेकड्यांवर पोहोचत नाही. ‘स्प्रिंग टर्निंग’ (१९३६) मध्ये तर अफाट हिरव्या चौकोनांच्या कडेला नांगर, घोडे आणि माणूस मुंगीएवढे उरतात. आयोवा विद्यापीठात काही काळ शिकवलेल्या एच. डब्ल्यू. जॅन्सन या कलेतिहासकाराने पुढे प्रादेशिकतावादाचे नाते थेट नाझी जर्मनीच्या कलेशी जोडले. ही तुलना अन्यायाची आहे, कारण वूडच्या शेतात कोणताही पुढारी उभा नाही आणि कोणाच्या शत्रूचाही शोध चाललेला नाही. तरीही ही १९३४ची आयोवा नव्हे, हे खरेच आहे, आणि वूडने ते लपवलेलेही नाही. मळणीच्या चित्रातील कोठारावर त्याने ठळकपणे एक साल लिहून ठेवले आहे: १८९२. त्या साली तो एक वर्षाचा होता, वडील हयात होते आणि शेत घरचे होते.