कोंबड्यांच्या शाळेतले गुरुजी

कोंबडीला धाकात ठेवता येत नाही. दरडावलं तर ती पळते आणि पुन्हा जवळ येत नाही. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात हॉट स्प्रिंग्ज नावाचं गाव आहे. तिथे बॉब बेली कुत्र्यांच्या शिक्षकांसाठी शिबिरं घेत, आणि शिबिरात कुत्र्यांऐवजी कोंबड्या असत. टेबलावर रंगीत चकत्या मांडलेल्या. शिकणाऱ्याजवळ दाण्यांची वाटी आणि टिक् असा आवाज करणारं छोटंसं क्लिकर. कोंबडीने ठरलेल्या चकतीवर चोच मारली की त्याच क्षणी टिक्, पाठोपाठ दाणा. क्लिकर जरा उशिरा दाबलं गेलं, तर शाबासकी चोच मारल्याबद्दल न मिळता मान वर केल्याबद्दल मिळते. मग पुढच्या खेपेला कोंबडी इमानेइतबारे मान वर करून दाखवते. चूक कुणाची, हे टेबलाभोवती उभ्या असलेल्या प्रत्येकाला लख्ख दिसतं.

ही विद्या बेलींच्या आधी उभी केली ती केलर आणि मेरियन ब्रेलँड या नवराबायकोने. दोघंही मिनेसोटा विद्यापीठात बी. एफ. स्किनर यांचे विद्यार्थी. दुसऱ्या महायुद्धात स्किनर यांनी कबुतरांकरवी बॉम्बला दिशा देण्याचा प्रकल्प हाती घेतला, त्यात ही दोघंही होती. लष्कराने ती कबुतरं कधी वापरली नाहीत. पण योग्य क्षणी दाणा मिळाला की पक्षी किती भराभर शिकतो, हे ब्रेलँड दांपत्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी विद्यापीठाची वाट सोडली आणि प्राणी शिकवण्याची कंपनी काढली. १९५५ साली हॉट स्प्रिंग्जमध्ये त्यांचं ‘आयक्यू झू’ सुरू झालं. तिथे कोंबडी बेसबॉल खेळे, बदक पियानो वाजवी. शंभराहून अधिक जातींचे प्राणी या कंपनीच्या हाताखालून गेले.

यश मिरवण्याइतकाच अपयश मांडण्याचा प्रामाणिकपणा दोघांकडे होता. रकूनला नाणं डब्यात टाकायला शिकवलं, तर तो ते टाकायच्या ऐवजी दोन्ही पंजांत घासत बसे. खाणं धुवून-घासून घ्यायची त्याची जन्मजात सवय बक्षिसालाही दाद देईना. १९६१ साली हे सगळं त्यांनी शोधनिबंधात लिहून काढलं आणि आपल्याच गुरूच्या सिद्धांताची मर्यादा दाखवली. चार वर्षांनी केलर गेले. मेरियन थांबल्या नाहीत. पुढे बॉब बेलींशी त्यांनी लग्न केलं, कंपनी चालवली आणि युद्धकाळात अर्धवट राहिलेली डॉक्टरेट १९७८ साली पुरी केली.

मग कुत्र्यांचं काय? १९४०च्या दशकातच ब्रेलँड दांपत्याने ही पद्धत कुत्रे शिकवणाऱ्यांपुढे ठेवली होती. पण त्या शिक्षकांनी ती झिडकारली. कुत्रे तर माणूस शेकडो वर्षं शिकवतोय, त्यात नवीन काय सांगणार, असा त्यांचा सूर होता. जर्मनीतल्या कॉनराड मोस्ट यांचं १९१०चं पुस्तक, त्यातली लष्करी शिस्त, गळपट्ट्याचे हिसडे, हेच सगळीकडे चाले. चाले, कारण कुत्रा सोसतो. मार खाऊनही तो संध्याकाळी पायाशी येऊन बसतो. त्याच्या या सोशिकपणामुळेच त्याचे शिक्षक सुधारायला इतकी वर्षं लागली. कोंबडी, कबुतर, डॉल्फिन यांनी माणसाला ती सवलत कधी दिलीच नाही.

डॉल्फिनचं तर बोलायलाच नको. पोहत दूर निघून गेलेल्या डॉल्फिनला ओढून आणणार कसं? १९६०च्या दशकात हवाईच्या ‘सी लाइफ पार्क’मध्ये कॅरन प्रायर यांच्यासमोर हाच प्रश्न होता. हातात शिटी आणि माशांची बादली, एवढीच साधनं. १९८४ साली त्यांनी ‘डोन्ट शूट द डॉग’ हे पुस्तक लिहिलं. नावात कुत्रा असला तरी आत माणसं, घोडे, डॉल्फिन सगळेच आहेत. कुत्रेवाल्यांनी मात्र ते आपलंसं केलं, आणि १९९०च्या दशकात क्लिकर घरोघरी पोचलं.

प्रायर यांचं पुस्तक आलं त्या सुमारास इयन डनबार या ब्रिटिश पशुवैद्याने शाळेची दुसरी बाजू सांभाळली. तेव्हाचे वर्ग कुत्रा सहा महिन्यांचा झाल्याशिवाय त्याला घेत नसत. म्हणजे वाईट सवयी लागू द्यायच्या आणि मग त्या मोडायच्या! डनबार यांनी १९८२ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात लहान पिल्लांसाठी ‘सिरियस’ ही शाळा काढली आणि वर्गात पिल्लांचे पट्टे सोडले. त्यांचा ‘बस’चा धडा शाळकरी पोरालाही जमतो. खाऊ पिल्लाच्या नाकाशी धरायचा, हळूच वर आणि मागे न्यायचा. नाक वर जातं, बूड आपोआप खाली टेकतं. टेकलं की खाऊ. कमरेवर दाब नाही, मानेला हिसडा नाही.

धाकाने काय होतं, याची नोंदही आता आहे. २००९ साली अमेरिकेत वागणुकीच्या तक्रारी घेऊन आलेल्या १४० कुत्र्यांच्या मालकांना विचारण्यात आलं. ज्यांनी मारून किंवा लाथ घालून पाहिलं होतं, त्यांतल्या ४३ टक्क्यांनी कुत्रा उलट अंगावर आल्याचं सांगितलं. २०२० साली पोर्तुगालमधल्या संशोधकांनी प्रशिक्षण वर्गांतले ९२ कुत्रे तपासले. धाकाच्या वर्गातल्या कुत्र्यांच्या लाळेत ताणाचं संप्रेरक शिकवणीनंतर जास्त वाढलेलं आढळलं.

आपल्याकडेही पिल्लाचं नाक त्याच्याच शूत घासणारी, वर्तमानपत्राची गुंडाळी उगारणारी घरं कमी नाहीत. अशा वातावरणात मुंबईच्या श्वानप्रशिक्षक शिरीन मर्चंट यांनी वर्षानुवर्षं मायेने शिकवण्याचा आग्रह धरला. २०१८ साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला, तो या क्षेत्रातली देशातली पहिली स्त्री म्हणून. अशा वर्गात खरी शिकवणी माणसांचीच असते. आई म्हणते ‘खाली’, मुलगा म्हणतो ‘सिट’, आजोबा ताटातली पोळी टाकतात. कुत्र्याने ऐकायचं तरी कुणाचं?

खाऊ देऊन शिकवणं म्हणजे लाच, असा आक्षेप अजूनही घेतला जातो. डनबार यांची पद्धत नीट पाहिली तर तो टिकत नाही. हातातला खाऊ तिथे लवकरात लवकर काढून घेतात, हाताची खूण तेवढी राहते, आणि बक्षीस म्हणून कधी चेंडू मिळतो, कधी फिरायला जाणं, कधी नुसतं गोंजारणं. या शेवटच्या बक्षिसाचा पुरावा तर आपल्याच रस्त्यांवर सापडला. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी रस्त्यावरच्या काही कुत्र्यांना अनोळखी माणसाकडून वारंवार खायला घातलं, काहींना डोक्यावरून हात फिरवून घ्यायला मिळालं. २०१७ साली त्यांनी निष्कर्ष छापला. ज्यांना गोंजारलं होतं, त्या कुत्र्यांचा त्या माणसावर अधिक विश्वास बसला होता.